साडेसहा लाख, सात कॉल आणि पर्समधला फोन

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे. दोन वर्षं सात महिन्यांपूर्वी थोरल्या भावाला धंद्यासाठी साडेसहा लाख रुपये हातउसने दिले. पैसे बँकेतून पाठवले, कागद काहीच केला नाही. दादाकडून कागद कोण लिहून घेतं? पहिलं दीड वर्ष तो फोनवर 'देतो गं, मार्चनंतर बघतो' म्हणत होता. माझ्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, त्यामुळे असे सात कॉल माझ्याकडे आहेत. आता वहिनी म्हणते, ते पैसे म्हणजे आईच्या आजारपणातला माझा वाटा होता. दादा गप्प. पुढच्या महिन्यात सगळे एकत्र बसणार आहोत. धाकटा भाऊ कॅलिफोर्नियाहून व्हिडिओ कॉलवर असेल. पर्समध्ये फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवावा आणि मध्येच उठून स्वयंपाकघरात जावं, म्हणजे दादा-वहिनी आपसात काय बोलतात तेही कळेल, असा बेत आहे. मामेभाऊ म्हणतो, एक क्लिप घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाक, मग बघ कसा देत नाही. मैत्रिणीने मात्र घाबरवलंय की न विचारता रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, उलट तूच आत जाशील. खरं काय?

उत्तर :

तुमच्या मैत्रिणीच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते त्या सात कॉलना लागू होत नाही. ते लागू होतं तुमच्या स्वयंपाकघरात जाण्याच्या बेताला. दोन्हींना आपण 'न विचारता केलेलं रेकॉर्डिंग' म्हणतो. कायदा मात्र आधी एवढंच पाहतो, की रेकॉर्ड करणारी व्यक्ती त्या बोलण्यात होती का.

स्वतःशी झालेलं बोलणं समोरच्याला न सांगता टिपून ठेवलं, एवढ्याच कारणासाठी शिक्षा सांगणारं कलम भारतात नाही. यावरचा पायाभूत निकाल मुंबईतल्याच प्रकरणातला आहे. शस्त्रक्रियेनंतर झालेल्या एका मृत्यूच्या चौकशीत शहराच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, लाच मागितल्याचा आरोप होता. १९६४ साली पोलिसांनी एका डॉक्टरांच्या फोनला त्यांच्या संमतीने टेपरेकॉर्डर जोडला आणि त्यांचं कॉरोनरशी झालेलं बोलणं टिपलं. हा तार कायद्याचा भंग आहे, असा बचाव झाला. 'आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने स्वतःहून रेकॉर्ड करू दिलं असेल, तर ते दुसऱ्याच्या लाइनवर डल्ला मारणं होत नाही, असा त्याचा मथितार्थ. तुमच्या सात कॉलमध्ये त्या 'एका'च्या जागी तुम्हीच आहात. ते पुसू नका आणि त्यापायी झोपही घालवू नका.

बोलण्यात नसलेल्या माणसाने ते टिपलं की पारडं फिरतं. दुसऱ्याचा कॉल बेकायदा अडवून ऐकला तर दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भावाच्या फोनमध्ये गुपचूप एखादं अ‍ॅप टाकून ठेवणं, त्याचं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या लॅपटॉपला जोडून घेणं, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये येतं. तिथेही तीन वर्षं, आणि दंड पाच लाखांपर्यंत. असं काही तुमच्या पत्रात नाही. पण मामेभावाचा पुढचा सल्ला हाच असू शकतो, म्हणून आधीच सांगितलं.

आता पर्समधला फोन. तुम्ही खोलीत बसून बोलताय-ऐकताय तोवर तुम्ही त्या बोलण्याचा भाग आहात. तुम्ही उठून गेल्यावर फोन जे टिपेल ते नवराबायकोचं आपसातलं बोलणं. त्याला दूरसंचार कायद्याचं ते कलम सरळ चिकटत नाही, कारण खोलीतलं बोलणं कुठल्या तारेवरून वा नेटवर्कवरून जात नाही. पण तुमच्या बाजूने 'मी त्या बोलण्यात होते' हा जो एकमेव भक्कम मुद्दा आहे, तो त्या क्षणी गळून पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचा असला, तरी दिवाणी दाव्यात तुमच्या वागण्याकडे न्यायाधीश त्याच नजरेतून पाहतील. आणि त्या दहा मिनिटांत मिळणार काय? 'ती ऐकतेय, हळू बोल'. फार तर एवढंच. हा बेत सोडून द्या.

तुम्हाला कोणीतरी असंही सांगेल की सर्वोच्च न्यायालयाने आता चोरून केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा चालतं म्हटलंय. तो निकाल जुलै २०२५ चा आहे, 'विभोर गर्ग विरुद्ध नेहा'. त्यात पतीने पत्नीशी झालेलं बोलणं तिच्या नकळत टिपलं होतं, आणि घटस्फोटाच्या दाव्यात ते पुरावा म्हणून दाखल करता येईल असं न्यायालयाने म्हटलं. त्याआधी यावर उच्च न्यायालयांमध्ये मतभेद होते. पण तो वाद पती-पत्नीमधला, वैवाहिक दाव्यातला. भावा-बहिणीच्या पैशांच्या दाव्यात तोच निकाल जसाच्या तसा उचलून लावता येईल असं धरून चालू नका. तुम्हाला त्याची गरजही नाही. तुमच्यासाठी मलकानी पुरेसा आहे.

खरी अडचण पुढे आहे. रेकॉर्डिंग गुन्हा नसणं, ते न्यायालयात दाखल होणं आणि त्यावर न्यायाधीशांचा विश्वास बसणं, हे तीन वेगवेगळे उंबरठे आहेत. लोक पहिल्यावरच अडखळतात आणि दुसरा-तिसरा विसरतात. 'राम सिंग विरुद्ध कर्नल राम सिंग' या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रणाच्या कसोट्या घालून दिल्या आणि त्या आजही वापरल्या जातात: आवाज कोणाचा ते ओळखता यायला हवं, रेकॉर्डिंग खरं असल्याचं सिद्ध व्हायला हवं, छेडछाडीची शक्यता उरता कामा नये, मजकूर वादाशी संबंधित हवा, ते जपून ठेवलेलं हवं, आणि बोलणं स्पष्ट ऐकू यायला हवं. घरगुती रेकॉर्डिंग बहुतेक वेळा तिसऱ्या नाहीतर शेवटच्या कसोटीवर आपटतात.

छेडछाडीचा संशय बहुधा आपणच ओढवून घेतो. कॉल पंचवीस मिनिटांचा असतो, त्यातली कामाची चाळीस सेकंदं कापून ठेवली जातात, मूळ फाइल जागा खाते म्हणून उडवली जाते. मग समोरचे वकील विचारतात, 'उरलेल्या चोवीस मिनिटांत काय होतं?' आणि त्याला उत्तर नसतं. म्हणून आजच फोनच्या रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहा. काही फोनमध्ये ठरावीक दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप पुसण्याची सोय चालू असते, ती बंद करा. सातही फाइल्स जशाच्या तशा, केबल लावून, संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवून 'बॅकअप' करू नका. त्या वाटेत फाइलचं नाव, तारीख, कधीकधी आतला आवाजही बदलतो. तुकडे करू नका, खरखर काढायला अ‍ॅपमधून फिरवू नका, एमपी-थ्रीमध्ये बदलू नका.

मग प्रत्येक फाइलचा 'हॅश' काढून ठेवा. हा फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल' ही आज्ञा आधीपासून असते. तिला फाइल दाखवून एसएचए-२५६ मागितला की ६४ अक्षर-अंकांची एक ओळ मिळते. फाइलचं नाव बदललं तरी ती ओळ तीच राहते. आतला अर्धा सेकंद कापला तर पूर्ण ओळ वेगळी येते, नुसती शेवटची दोन अक्षरं नव्हे. याचा उपयोग असा की भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ (१ जुलै २०२४ पासून लागू) च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात हा हॅश लिहायचा असतो. जुन्या कायद्यात हेच '६५-ब चं सर्टिफिकेट' होतं, वकिलांच्या तोंडी अजून तेच नाव आहे. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत: 'भाग अ' फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे तुम्ही भरायचा, आणि 'भाग ब' तज्ज्ञाने. फोनची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक) हे सगळं त्यात लागतं. *#०६# डायल केलं की आयएमईआय दिसतो, तो लिहून ठेवा. आणि दावा संपेपर्यंत हा फोन एक्सचेंजमध्ये देऊ नका.

हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, ते जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात दिसलं. 'अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल' या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, जुन्या कलमाखाली, सांगितलं की प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर केलं तर मात्र नको. म्हणजे फोन जपून ठेवण्याचं कारण दुहेरी आहे.

सातही कॉल पूर्ण ऐकून त्यांचं शब्दशः टिपण करा, शेजारी मिनिट-सेकंद घाला. दादा जिथे 'हो' म्हणतो त्याच्या आधी तुम्ही काय विचारलं होतं ते नीट पाहा. 'ते बघू या गं नंतर' ही कबुली नाही. 'तुझे साडेसहा लाख मार्चनंतर देतो' ही आहे. सातांपैकी दोनच कॉल खरे कामाचे निघाले तर नवल वाटून घेऊ नका.

आणि आता तुमच्या पत्रातल्या ज्या गृहीताला हात घालायचा आहे त्याकडे येते. तुम्ही धरून चाललात की दादाची आवाजातली कबुली आहे, म्हणजे पैसे सुरक्षित. तसं नाही. उसने दिलेले पैसे परत मागण्याचा दावा मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे तीन वर्षांत लावावा लागतो, आणि परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर ही तीन वर्षं पैसे दिल्या दिवसापासून मोजली जातात. तुमची दोन वर्षं सात महिने झालीत. हातात पाच महिने आहेत.

'पण तो तर गेल्या वर्षापर्यंत फोनवर कबूल करत होता, मग तेव्हापासून मोजा ना!' इथेच रेकॉर्डिंग कामी येत नाही. त्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे कबुलीमुळे मुदत नव्याने सुरू होते खरी, पण ती कबुली लेखी हवी, देणेकऱ्याच्या सहीची हवी, आणि मूळ मुदत संपायच्या आत दिलेली हवी. फोनवरचं बोलणं, मग ते कितीही स्वच्छ ऐकू येवो, या तिन्हींपैकी पहिल्या दोन अटीत बसत नाही. दादाने अधूनमधून दहा हजार पाठवले असतील तरी कलम १९ नुसार त्या परतफेडीची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीची लागते. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही घड्याळ थांबत नाही. हा समज इतका पसरलाय की अनेकांची मुदत नोटिशीच्या उत्तराची वाट पाहण्यात जाते. मुदत उलटल्यावर एकच दार उरतं: करार कायद्याच्या कलम २५(३) खाली देणेकऱ्याने जुनं देणं फेडण्याचं पुन्हा सहीनिशी लेखी वचन देणं. ते दादा तेव्हा देईल का, याचा अंदाज तुम्हालाच जास्त.

मग ते सात कॉल कशाचे? तर वहिनीच्या म्हणण्याला उत्तर देण्याचे. बँकेचा उतारा एवढंच सांगतो की पैसे गेले. ते उसने होते की आईच्या औषधपाण्याचा वाटा, हे उतारा सांगत नाही. तिथे 'तुझे पैसे देतो' हे दादाच्या आवाजात असणं मोलाचं आहे. तेवढंच त्याचं काम.

त्यामुळे बैठकीला आवाज गोळा करायला जाऊ नका, सही आणायला जा. चार ओळींचा कागद आधीच लिहून न्या: 'मी (पूर्ण नाव) अमुक तारखेला (तुमचं पूर्ण नाव) यांच्याकडून बँकेमार्फत रु. ६,५०,०००/- हातउसने घेतले. त्यापैकी आजमितीस रु. ____ देणे बाकी असल्याचे मला मान्य आहे. ही रक्कम मी अमुक तारखेपर्यंत परत करीन.' खाली तारीख, सही, दोन साक्षीदार. 'परत करीन' या वचनामुळे मुद्रांकाचा प्रश्न येऊ शकतो, तो बैठकीआधी वकिलाला विचारून घ्या. अशा लेखी कागदाचा आणखी एक फायदा आहे. पुढे दावा लावावा लागलाच, तर लेखी करारावरच्या देण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली झटपट दाव्याचा मार्ग खुला होऊ शकतो. तोंडी उसनवारीला तो बंद आहे.

दादा सहीला कचरेल. त्याला हप्ते हवे असतील तर द्या, व्याजावर पाणी सोडायचं असेल तर सोडा. पण सही त्याच दिवशी घ्या. 'पुढच्या आठवड्यात करतो' यावर उठून येऊ नका.

बैठक रेकॉर्ड करायचीच असेल तर सांगून करा. फोन टेबलावर ठेवा आणि म्हणा, 'काय ठरलं त्यावरून नंतर वाद नकोत, म्हणून मी हे रेकॉर्ड करतेय, चालेल ना?' सांगितलं की कोणी खरं बोलणार नाही, अशी तुम्हाला भीती वाटेल. असेल. पण पर्समधल्या फोनने काय मिळतं ते घरी करून बघा: पर्सचं कापड मायक्रोफोनवर घासत राहतं, वरून पंख्याची घरघर, तीन माणसं एकदम बोलतात, आणि ऐन 'देतो'च्या वेळी कोणाचा तरी कप खाली ठेवल्याचा आवाज येतो. टेबलावर ठेवतानाही फोनची खालची कड, जिथे मायक्रोफोन असतो, ती बोलणाऱ्यांकडे करा, खाली रुमाल घाला म्हणजे टेबलाची ठकठक येणार नाही, आणि विमान मोड लावा. नाहीतर मध्येच आलेल्या कॉलने रेकॉर्डिंग तुटतं. सुरुवातीला तारीख आणि हजर असलेल्यांची पूर्ण नावं बोला. नुसतं 'दादा', 'वहिनी' ऐकून परक्या माणसाला काही कळत नाही.

सांगून करण्याचं आणखी एक कारण तुमचा धाकटा भाऊ. तो कॅलिफोर्नियात बसून बोलतोय. तिथल्या दंडसंहितेच्या कलम ६३२ नुसार गोपनीय संभाषण टिपायला सगळ्यांची संमती लागते, एकट्याची पुरत नाही; शिवाय ज्याचं बोलणं टिपलं तो प्रत्येक उल्लंघनामागे ५,००० डॉलर किंवा प्रत्यक्ष नुकसानीच्या तिप्पट, यांतली जी रक्कम जास्त तेवढी भरपाई मागू शकतो. रेकॉर्ड करणारा दुसऱ्या राज्यात होता म्हणून सुटका नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये जॉर्जियातून टिपलेल्या कॉलबद्दल म्हटलंय. धाकटा भाऊ तुमच्यावर तिकडे दावा ठोकेल असं मला वाटत नाही. पण परदेशातल्या नातेवाइकांचे कॉल आपोआप रेकॉर्ड होऊ देणाऱ्या इतर वाचकांनीही हे ध्यानात ठेवावं. जर्मनीत तर कोणाचं खासगी बोलणं विनापरवाना टिपणं हाच फौजदारी गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. अशा माणसांचे नंबर आपोआप रेकॉर्डिंगमधून वगळण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये असते.

एक बारीक गोष्ट. तडजोडीसाठी बसलेल्या बैठकीत 'हे न्यायालयात वापरायचं नाही' या समजुतीवर कोणी काही कबूल केलं, तर दिवाणी दाव्यात ती कबुली ग्राह्य धरली जात नाही. साक्ष अधिनियमाचं कलम २१ तसं सांगतं. म्हणजे चारचौघात मिळालेली कबुली टेपवर असूनही हातची जाऊ शकते. पुढे प्रकरण न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात गेलं, तर तिथे फोन काढूच नका. तिथलं सगळं बोलणं गोपनीय असतं.

आणि ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची क्लिप. मामेभावाला सांगा, नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार झाली, तर 'पण ते खरंच आहे' एवढा बचाव पुरत नाही. ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं, आणि घरचा ग्रुप म्हणजे लोकहित नव्हे. त्याहून वाईट म्हणजे 'पैसे दे, नाहीतर टाकते' असा मेसेज. पैसे तुमचे हक्काचे असले तरी त्या एका ओळीने धमकीची, खंडणीची तक्रार करायला दादाच्या हाती कोलीत मिळेल, आणि मग पोलीस ठाण्यात तुम्ही तुमचाच मेसेज समजावून सांगत बसाल.

त्याऐवजी आज दादाला एक साधा मेसेज करा: 'दादा, अमुक तारखेला तुला उसने दिलेले साडेसहा लाख परत कधी देशील, ते बैठकीत ठरवू या. कागद मी लिहून आणते.' वहिनीचं नाव नको, टोमणा नको, रेकॉर्डिंगचा उल्लेख नको. उत्तरात तो 'हो' म्हणाला तर ते जपून ठेवा. 'ते उसने नव्हते' म्हणाला तर त्याची बाजू तुम्हाला बैठकीआधीच कळली. उत्तर काहीही आलं तरी याच आठवड्यात दिवाणी काम पाहणाऱ्या वकिलांना भेटा. बरोबर बँकेचा उतारा, सात कॉलचं टिपण आणि पैसे दिल्याची नेमकी तारीख न्या. त्यांना पहिला प्रश्न मुदतीचा विचारा, रेकॉर्डिंगचा दुसरा. बैठकीत सही झाली नाही, तर मुदत संपायच्या निदान सहा आठवडे आधी दावा तयार असेल, अशी तारीख त्यांच्या डायरीत त्याच वेळी लिहून घ्यायला लावा.